तोळामासा

वह्या एकूण अकरा.
निळ्या पुठ्ठ्याच्या, कोपरे उंदरांनी कुरतडलेले.
पुएर्तो लुसेरोच्या मुख्य रस्त्यावर
'सोने घेतो' अशा पाट्यांची सतरा दुकाने,
त्यातले नववे आईचे. डावीकडे कोंबडीच्या सूपची खाणावळ,
उजवीकडे एक माणूस मोबाईल दुरुस्त करायचा.

पहिल्या वहीतले अक्षर बघा.
डोंगरातल्या शाळेत जोगिणींनी छडीने वळवलेले.
एलादिओ वारांका, अठरा ग्रॅम चार.
तिचा आठाचा आकडा म्हणजे दोन गोल,
एकावर एक, गप्प बसलेले.

माणसे नदीवरून यायची,
मांडीपर्यंत चिखल, फडक्यात बांधलेला
बोराएवढा करडा गोळा.
आई तो बशीत ठेवी, बर्नर पेटवी,
निळी जीभ गोळ्यावर फिरे
आणि करड्याला हळद लागे हळूहळू.
सोने उरे. पारा जाई.
कुठे जातो, मी विचारी.
वर, ती म्हणे.
वर म्हणजे कुठे?
वर म्हणजे पत्र्याच्या नळीतून बाहेर.
नळीचे तोंड सूपवाल्याच्या खिडकीवर होते.

धूर असता तर खोकलो असतो,
डोळे चोळत शेजाऱ्यांशी भांडलो असतो.
ह्याला रंग नाही, वास नाही.
गार झाला की फरशीच्या फटीत
पुन्हा थेंब होऊन बसायचा.
मी काउंटरखाली टीव्हीच्या खोक्यात झोपायचे,
जागी झाले की कागदाच्या तुकड्याने
ते थेंब गोळा करायचे बाटलीच्या झाकणात.
दोन जवळ आणले की एक.
दुसरे खेळणे मला आठवत नाही.

पाचव्या वहीत आठ वरून उघडा पडलाय.
सातवी वही चालत्या बसमध्ये लिहिल्यासारखी.
आई पिते, असे विल्बर्तमामा म्हणाला,
मग सगळा रस्ता म्हणाला.
ती फक्त गवती चहा प्यायची, तोही सांडायचा.
जेवणाला नाण्याची चव येते म्हणायची,
ब्रश केला की बेसीन लाल.
रात्रभर छताकडे बघायची, आणि दिवसा
एखादा ग्रॅमवरून हुज्जत घालू लागला
की तिचा पारा चढायचा.
हे मी आज लिहिते तेव्हा हसू येत नाही.
शेवटी शेवटी गिऱ्हाईक आले
की ती पडद्यामागे जाऊन उभी राहायची,
नव्या नवरीसारखी.

एकदा राजधानीतून एक मुलगी आली,
हातात केस वाळवण्याच्या यंत्रासारखे काहीतरी.
तिने ते काउंटरवर धरले, फरशीवर धरले,
माझ्या खोक्यात धरले.
मग दाराबाहेर जाऊन उभी राहिली
आणि तिथूनच म्हणाली, खिडकी उघडी ठेवत जा.
आम्हाला खिडकी नव्हती.

लघवीची बाटली विमानाने गेली,
उत्तर चाळीस दिवसांनी बसने आले.
दवाखान्यातल्या डॉक्टर साल्लुका यांनी आकडा वाचला,
मायक्रोग्रॅममध्ये.
आईने विचारले, ग्रॅममध्ये किती?
त्यांनी कागदावर शून्य, टिंब, आणि पुढे
बरीच शून्ये काढली.
सोळा वर्षे ग्रॅमचा दहावा भाग मोजलेली बाई
ती शून्ये बोटाने मोजत राहिली,
बोट एका शून्यावर थांबेना.
म्हणाली, इतक्याला तर
माझा काटासुद्धा हलत नाही.

अकराव्या वहीच्या मध्यावर एक नाव आहे,
लुपेर्सिओ त्तुपा. पुढे रेघ,
कागद फाटेपर्यंत गेलेली. वजन नाही.
त्याच्या खालची नोंद माझ्या हातची.
तेव्हा मी तेरा वर्षांची.

काल रात्री वही दिव्याजवळ नेली.
सव्वीस ग्रॅम आठ.
अक्षर चांगले आहे माझे, सरळ, एका रेषेत.
फक्त आठाचा वरचा गोल
जरासा उघडा राहिलाय.
घाईत असेन.